फांदी तुटायला

ग्रिम्सबीच्या जुन्या बिंगो हॉलमध्ये आम्ही लस टोचतो.
भिंतीवर आकड्यांचा फळा अजून तसाच,
एक ते नव्वद, दिवे विझलेले.
दार कितीही ओढून घ्या,
गोदीवरचा माशांचा वास आत येतोच.

रॉय ब्रॉकल्सबी तीन गुरुवार
पार्किंगमध्ये नुसता बसून गेला,
काच अर्धी खाली, थर्मास डॅशबोर्डवर.
चौथ्या गुरुवारी आत आला.
बाही सरकवली नाही. वही उघडली.

चौकटीची वही, मुलं गणिताला वापरतात तसली.
तीन एप्रिल : ग्रंथालयामागे नवा टॉवर.
चौदा एप्रिल : मॉरीनला खोकला.
मध्ये अकरा दिवस. अकराभोवती लाल वर्तुळ.
मग पानापानांतून तो अकरा पुढे पळालेला :
वॉर्ड अकरा,
अकरा वाजता आलेला फोन,
लसीच्या कंपनीच्या पत्त्यातला अकरा,
ज्याच्याभोवती वर्तुळ दोनदा गिरवलंय.

चाळीस वर्षं हॅडॉकचे काटे काढले, म्हणाला.
काटा दिसत नाही. बोटांना लागतो.
इथेही लागतोय.

वाद घालू नका, ऐका, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं.
मी ऐकलं.
मग राहवेना. म्हटलं, आमच्याकडे म्हणतात,
कावळा बसायला आणि फांदी तुटायला.
इंग्रजीत ते धड उतरेना.
कावळ्याचा मी सीगल केला.
पण सीगल इथे धुराड्यांवर बसतात
आणि धुराडी काही तुटत नाहीत.
शेवटी हातवारे केले :
फांदी आतून आधीच पोखरलेली,
पक्षी आपला नेमका तेव्हा टेकला, एवढंच.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.
चष्मा पुसला. परत घातला.
"पण फांदी तुटली ना, बाई."

पत्रकात यावर काही नव्हतं.
मी ते उलटसुद्धा करून पाहिलं.

मला जळगाव आठवलं. धाकटा भाऊ.
त्याच्या शेजारी लोखंड्यांच्या अंगणात हळद झालेली,
वीस माणसं, डीजे, गुलाबजाम,
आणि आठवड्याभरात हा सिलिंडरच्या रांगेत.
तो रोज बँकेत जायचा, काउंटरवर बसायचा,
शंभर हातांतल्या नोटा मोजायचा,
हे मला माहीत आहे.
तरी लोखंडेबाईंचा फोन मी अजून उचलत नाही.
विषाणूवर ओरडायचं तर कुठे बघून ओरडणार?
पहाटे तीनला लोखंडेबाई बऱ्या पडतात.
त्यांना नाक-डोळे आहेत. पिवळी साडी आहे.

रॉय बोलत होता.
मॉरीनपाशी त्याला जाऊ दिलं नाही.
मास्कमागून कुणीतरी तिच्या कानाशी फोन धरला.
कोण होतं ते, त्यानं नंतर विचारलं,
तीनदा, एकदा पत्र लिहून.
टीम होती, म्हणाले.
"टीम," तो म्हणाला. "हात कुणी धरला? टीमनं."

बाही वर केली. खाली ओढली.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.
पुन्हा वर केली. दंडावर फिकट नांगर गोंदलेला.
"बॅच नंबर?"
मी वाचून दाखवला. त्यानं लिहून घेतला,
आणि ओठ हलवत अंकांची बेरीज केली.
सव्वीस.
जरासा हिरमुसला, शपथेवर सांगते.

"आता तुमचं नाव. पूर्ण.
उद्या काही झालंच तर."

उज्ज्वला निकुंभ.
सुई हातात धरून मी स्पेलिंग सांगत गेले, सावकाश.
दोन जे. हो, एकामागे एक.
आणि तो मान खाली घालून
एकेका चौकटीत एकेक अक्षर
बसवत गेला.