डावा कान

मुलगी आली, हातात टॅब.
आजोबा, तुम्हाला काय काय हवंय?
म्हटलं, आधी या बाजूला ये.
उजवा कान चाळीस वर्षं मागावर गेला,
टॉवेल झाले त्याचे.

डावीकडे बसून विचारत राहिली :
रॅम्प? कठडा? विरंगुळा केंद्र?
लिही बाई, सगळं लिही.
न्हाणीत धरायला दांडा लिही.
पाणी पाच दिवसांनी येतं, येऊ दे,
रात्री दोनला तेवढं नको, लिही.

थोरला पुण्याला चला म्हणतो.
राहून आलो. अकरावा मजला, लिफ्टमध्ये आरसा.
भाकरी मऊ, माणसं मऊ,
सगळी उजवीकडून बोलायची
आणि मी हसायचो.

इथं बोळात राजव्वाचं दार
माझ्या उजव्या हाताला.
तरी विड्यांचं सूप खाली ठेवून
वळसा घालून डावीकडे येते,
"तिन्नावा?" एवढंच विचारायला.
इस्त्रीवाल्या मौलाचं पोरगंसुद्धा
डावीकडूनच हाक मारतं.
कुणी शिकवलं नाही त्याला.

परवा सात वाजले तरी कडी काढली नाही,
नुसताच लोळत होतो.
दार फुटेस्तोवर बडवलं बाईनं.
उघडल्यावर शिव्या.
मग पायरीवर बसून
पदराला नाक पुसलं.

मुलीचे ओठ हलत होते.
लिहिता लिहिता उजवीकडे सरकली होती ती.
मी हसलो.
समोरून राजव्वानं, मांडीवरचं सूप न हलवता,
कात्रीनंच खूण केली तिला :
तिकडून नव्हे गं.
इकडून.