एक टाका

दुकान माझं लग्नाच्या झग्यांचं,
मोन्तेविदेओत, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत.
एकाहत्तरचा जुलै, ऐन थंडी, नदीवरून बोचरा वारा,
आणि दारात एक माणूस, बगलेत बरणी.
"एका सेंटिमीटरात चौदा टाके घालणारी बाई
इथेच बसते म्हणतात."
मी म्हटलं, आधी कापड दाखवा.

बरणीत पांढुरकं, ओलं काही तरंगत होतं,
उग्र वासाच्या औषधात.
बैलाच्या काळजाभोवतीचं अस्तर, तो म्हणाला.
अस्तर म्हटल्यावर मला जरा धीर आला.
रेशीम शिवलं होतं मी, जाळी, ऑर्गंडी,
नवरीचं पोट वाढलं म्हणून रातोरात कळ्याही घातल्या होत्या,
पण हे सुईखाली ना सुरकुतायचं, ना सरकायचं.
नुसतं वाट बघायचं.

डॉक्टर बेर्नाबे इतुरालदे.
वडील फ्राय बेंतोसच्या मांस-कारखान्यात सुरी चालवायचे.
"सोलायला बाबांनी शिकवलं," म्हणायचा,
"शिवायचं मात्र घरात कुणालाच येत नव्हतं."

तीन पाकळ्या, एक कडं, कड्याला विणलेली किनार.
पहिल्या अकरा झडपा मीच उसवून टाकल्या.
बारावी एका मेंढीत बसली.
मेंढी चार दिवस जगली, आणि चारही रात्री तो
तिच्या शेजारी गवतावर झोपला, कोट अंगावर ओढून.
कोटाचा फाटका खिसा मी शिवून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग दुरास्नोची रुदेसिंदा, गाई दोहणारी.
तिच्या छातीत आधीची झडप जुन्या तऱ्हेची:
तारेच्या पिंजऱ्यात चेंडू,
टक्, टक्, रात्रभर.
सहा वर्षं नवरा उशीखाली डोकं खुपसून झोपला.
ती काढून माझी बसवली, तर आठवड्यात तो दवाखान्यात,
डोळे सुजलेले:
"आवाजच येत नाही, डॉक्टर.
चारदा उठून तिच्या नाकाशी बोट धरतो."
इतुरालदे हसला नाही.
"थोडे दिवस छातीला कान लावून झोपा," म्हणाला.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये
एक झडप परत आली,
बशीतून, रुमालाखाली.
मुलगा एकोणीस वर्षांचा.
नाव त्याने सांगितलं; मी ते अजून उच्चारत नाही.
एक पाकळी कडेला फाटलेली.
"चुना धरतो," तो म्हणाला, "तरुण रक्तात लवकर.
टाके सगळे जागच्या जागी आहेत."
खिडकीकडे बघत म्हणाला.
आणि जाताना आपलं भिंग टेबलावर विसरला.

मी मोजले.
दिवा जवळ ओढून पुन्हा मोजले.
एक कमी होता.
फाटलं होतं ते तिथून बरंच दूर, हेही खरं.
पण एक कमी होता.

गाठी मारताना ओठांतल्या ओठांत आकडे म्हणणारा माणूस,
त्याने मोजले नसतील?
बावीस वर्षं आम्ही एका टेबलाशी बसलो,
माते प्यायलो एकाच नळीने,
मी विचारलं नाही.
भिंग न्यायला तो कधी आला नाही.
त्यानंतरची प्रत्येक झडप मी तीनदा मोजली,
एकदा माझ्यासाठी, एकदा त्याच्यासाठी,
आणि एकदा.

पुढे त्याचा हात कापू लागला.
ते आधी मला कळलं: कपातली चमची वाजली.
दुसऱ्या सोमवारी त्याने हातमोजे कायमचे उतरवले,
कुणाला कारण सांगितलं नाही.

त्याला पुरलं त्या दिवशी
दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती.
पेयसांदूची माणसं, रिव्हेराची, सीमेपलीकडचीही,
गळ्यापर्यंत बटणं लावलेली.
यातल्या किती जणांच्या आत माझा दोरा आहे,
मला कसं कळणार?
पाद्री बोलत होता तेव्हा मी
मागच्या रांगेत कान देऊन उभी राहिले.
एवढी माणसं.
काही म्हणता काही ऐकू आलं नाही.