सातशे क्यूसेक

सकाळी सहाला डार्लाचा फोन येतो.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
"किती?"
मोजपट्टीवरचं दव मी अंगठ्यानं पुसते.
"सातशे बारा."
"बास," म्हणते ती, आणि मागे
होड्यांत हवा भरणारा पंप घरघरू लागतो.

गाव सलायडा. नदी आर्कन्सॉ.
त्या नावाचं राज्य इथून दोन राज्यं पलीकडे,
हिला अजून त्याचा पत्ता नाही.
ही आत्ताच लेडव्हिलहून उतरलीय,
जुन्या खाणींची गंजकी माती विसळत,
उजव्या खांद्याशी चौदा हजार फुटांची शिखरं,
त्यांच्या घळीत जुलैतही मूठभर बर्फ.
यातलं सगळं पाणी हिचं नव्हे.
काही डोंगरापल्याडचं,
बोगद्यातून रात्रीबेरात्री आणलेलं.
त्याला माहेर विचारू नये.

आप्पा प्रवरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते.
खांद्यावर फावडं, खिशात पाळीपत्रक.
एवढी शिकून, एवढ्या लांब येऊन
मी झाले काय? पाटकरीणच.
फक्त छातीपर्यंत रबरी विजार.

इथला कायदा सोपा:
आधी आला तो आधी प्याला.
एल्रॉय हॅगर्टीच्या चारीची तारीख अठराशे एकोणसत्तर.
त्याचं गवत भिजेस्तोवर
वरच्या अंगाचा शेजारी कोरड्या दारापाशी
हात खिशात घालून उभा.
आणि एकोणसत्तरच्या आधी?
यूट लोक इथेच पाणी पीत होते.
माझ्या वहीत त्यांचा रकाना नाही.

दुपारी पुलाखाली ट्यूबवर मुलं,
एक ओला कुत्रा, कुणाची तरी वाहत चाललेली चप्पल,
आणि कमरेइतक्या पाण्यात ताटकळलेले लोक,
जे ट्राउट धरतात, निरखतात, सोडून देतात.
"मग धरायचा कशाला?" आप्पांनी फोनवर विचारलं.
मला सांगता आलं नाही.

पंधरा ऑगस्टनंतर वरचे दरवाजे आवळतात.
होड्यांसाठी राखलेलं पाणी संपतं.
"तीनशे नव्वद," मी सांगते.
"दगडांना पोट घासेल," डार्ला म्हणते,
पण फोन ठेवत नाही.
पंपही वाजत नाही.
मग अचानक, "तुझ्या बापाच्या नदीला किती आज?"

मी बघते. भंडारदऱ्यातून आठशे तीस.

"मग काय," ती म्हणते,
"त्याला म्हणावं, जॅकेट घाल,
पुढच्या बाकावर बस,
आणि वल्हं उगाच हलवू नकोस."