उरलेले एकोणचाळीस टक्के

प्राध्यापक तोरुन येल्सेट यांच्या दारावरची पाटी
काल उतरवली. दोन स्क्रू सहज निघाले,
तिसऱ्यासाठी रखवालदाराला बोलवावं लागलं.
मी समोरच्या खोलीत, एकोणीस वर्षं.
तेवढा सांगायचा हक्क माझा.

बुडो शहर, व्यवस्थापन विद्यालय, तिसरा मजला.
खिडकीतून बंदर दिसतं, धुकं नसेल तर.
बाकीचे विलीनीकरणावर लिहायचे, नेतृत्वावर.
बाई लिहायच्या सुकवलेल्या माशावर.

तरुणपणी त्या लोफोटेनच्या एका वखारीत गेल्या,
जूनमध्ये, रात्र पडायचं विसरते तेव्हा.
तिथे आर्नफिन नावाचा पारखी
एकेक कॉड उचलायचा,
पाठीवरून अंगठा, मानेपाशी नाक,
आणि भिरकावायचा:
हा इटलीला, हा लागोसला,
हा कुत्र्यालासुद्धा नको.
चार सेकंद. बाईंनी घड्याळ लावून मोजले.
“कसं कळलं?”
“दिसतं की.”

एवढ्यावर एक कारकीर्द उभी राहिली.

पहिला निबंध परत आला: नमुना अपुरा, माणूस एकच.
दुसराही आला: मासे पुष्कळ, सिद्धांत कुठाय?
तिसऱ्यात चारशे बारा कॉड,
लांबी, ओलावा, मानेवरचं साकळलेलं रक्त,
आणि एक समीकरण, ज्यातून आर्नफिन
एकसष्ट टक्के उलगडला.
तो छापून आला. बढती मिळाली.
पुढे लोकांनी तो कर्ज मंजूर करणाऱ्यांना लावला,
चहा चाखणाऱ्यांना लावला,
मासा सोडून सगळ्याला लावला.

बाई मात्र उरलेल्या एकोणचाळीसपाशी बसून राहिल्या.
तक्त्यात त्याला ‘त्रुटी’ म्हणतात.
“कुणाची?” असं त्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत,
आणि मुलं वहीत उतरवून घेत,
परीक्षेला येईल म्हणून.

दोन वर्षांमागे आर्नफिनचा फोन आला.
तापानंतर नाक गेलं होतं त्याचं.
कॉफी आणि डिझेल, सारखंच.
“आण तुझं ते समीकरण,” म्हणाला.
बाई बोटीने गेल्या. पिंपावर लॅपटॉप ठेवला,
तो सुरू व्हायला वेळ घेत होता,
तेवढ्यात त्यांनी सहज एक मासा उचलला,
अंगठा फिरवला, नाक नेलं,
आणि म्हणाल्या, “लागोस.”
म्हातारा बघत राहिला.
“कसं कळलं?”

हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं, हातमोजे काढता काढता.
मी म्हटलं, लिहा ना यावर.
“नमुना अपुरा,” म्हणाल्या,
“बाई एकच.”
आणि इतक्या हसल्या की कठडा धरावा लागला.

निरोपाच्या दिवशी डीननी निबंध मोजून दाखवले.
बाईंनी केक कापला, दुसऱ्याच कुणाला भरवला.

आता त्या खोलीत एक तरुण गृहस्थ आलेत.
भर मार्चमध्ये खिडकी उघडी टाकून बसतात.
वास जातच नाही म्हणतात.

मला काही येत नाही.
कधीपासून येत नाही, तेही आठवत नाही.