पाऊणकी

बर्फाच्या कारखान्यावरची खोली भाड्यानं घेतली
तेव्हा मालक म्हणाला, खालून आवाज होईल.
होतो. पहाटे चारला लाद्या सुटतात,
आणि त्याच वेळी माझा लॅपटॉप
संचाची नवी आवृत्ती उतरवत बसतो,
सत्तर टक्क्यांवर, एकाहत्तरवर,
तिथं हर्णैची रेंज जाते.

संच म्हणजे हातोडी-पकडीची पेटी नव्हे,
आईला सांगून झालंय तीनदा.
फोनसाठी ॲप बांधायचं सामान.
त्यासोबत प्रश्नांची लांब यादी येते,
सगळ्यांना पडतात ते प्रश्न, उत्तरांसकट.
माझे नेमके त्यात नसतात.

किमान कुठली आवृत्ती चालेल?
यादी म्हणते, वापरणाऱ्यांचा अंदाज घ्या.
घेतला. धक्क्यावर गेले.
दामू पावशेच्या फोनची काच तीन ठिकाणी गेलेली,
चार्जिंगच्या भोकात मीठ,
आणि बोटं ओली असली की पडदा त्याला ओळखत नाही.
कोरडी कधी असतात, त्यानं विचारलं.
हा प्रश्न मी लिहून घेतला.

ठिकाणाची परवानगी का मागावी लागते?
उत्तर सात ओळींचं आहे, सभ्य आहे.
कमरुन्निसा होडेकरनं सुरमईची जागा
सख्ख्या दिराला सांगितलेली नाही,
तुझ्या फोनला सांगू?
तिनं 'नाकारा' दाबलं.
मग खात्री म्हणून परत एकदा दाबलं.

माझ्या पडद्यावर एक नकली फोन असतो, तपासणीपुरता.
त्याची बॅटरी कायम भरलेली,
त्याला वाटतं आपण कॅलिफोर्नियात उभे आहोत.
रोज सकाळी अक्षांश-रेखांश टाकून
मी त्याला आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी आणते,
जिथं गाळ साचलाय
आणि भरती नसेल तर बोट आत येत नाही.
ॲप तेवढ्यासाठीच आहे: पाणी कधी चढेल.

मुख्य धागा अडवू नका, यादी बजावते.
माझा अडायचाच. भरतीचा आकडा
कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवरून यायचा,
आणि किनारा दिसेनासा झाला की रेंज नाही,
नुसतं गोल चक्र फिरत राहायचं.
दोनशे चाळीस ओळी लिहिल्या होत्या
त्या चक्रासाठी.

लखमा तांडेल जाळ्याचं भोक शिवत होता.
आज तिथी कुठली?
चतुर्थी.
पाऊणकी येते?
आम्हाला शाळेत नव्हती.
चार पाऊण तीन. तीनला पाणी भरेल,
दुपारी पण, रात्री पण. अष्टमी असली तर?
बोटांवर मोजलं मी. सहा.
मग कशाला विचारतेस गो त्या लांबच्याला,
म्हणाला, आणि दोरा दातानं तोडला.

त्या रात्री ओळी पुसल्या.
तिथी गुणिले पाऊण, एवढीच ठेवली.
संचातल्या दिनदर्शिकेला कुठकुठल्या देशांचे सण ठाऊक,
तिथी मात्र नाही,
म्हणून आई पंचांग वाचत गेली, मी आकडे टाकत गेले,
खाली लाद्या आपटत होत्या.
आश्विनात आई अडली.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
इथं षष्ठीच नाही गं. क्षय आहे.

यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.
रिकामी किंमत आली तर काय करावं, याची चार उत्तरं होती.
लखमाला विचारलं, तिथीच गळाली तर?
बंद पडलेल्या इंजिनाकडे बघावं
तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.
तर पाण्याकडे बघायचं.

ते तसंच घातलं मी. आकडा नसेल त्या दिवशी
पडद्यावर चार शब्द: आज पाण्याकडे स्वतःच बघा.

आश्विनात कमरुन्निसाचा फोन आला,
मागे वारा, कुणीतरी नांगराला शिव्या घालतंय.
बिघडलं का गं तुझं?
नाही, म्हटलं.
मग ठीक, ती म्हणाली. बघतेच आहे.