नववी बाटली, फाव

पहाटे चारला पहिली बाटली सोडली.
दर तासाला एक, तेरा तास,
एक भरती आणि एक ओहोटी पुरती पदरात पडेपर्यंत.
चासिब होडी धरून ठेवतो शत्तच्या मध्यावर.
पलीकडे इराणच्या काठावर कुणीतरी पंप सुरू करतं,
बंद पडतो, पुन्हा सुरू करतं.

वरचं पाणी अजून नदीचं, म्हणजे नावाला.
खालून समुद्र येतोय दबकत,
गोड्या पाण्याच्या पोटाखालून.
तार सोडतो तसे यंत्रावर आकडे चढतात,
तळाशी तेहेतीस.
चासिब यंत्राकडे बघत नाही.
वरचंच ओंजळभर तोंडात घेतो, खुळखुळवतो, थुंकतो,
आठ, म्हणतो.
यंत्र म्हणतं सात पूर्णांक आठ.

बाणकोटला आई अशीच विहिरीचं पाणी चाखायची
उधाणाच्या दुसऱ्या दिवशी.
मचूळ झालं, म्हणायची,
आणि डाळ शिजायला दुपार लागायची.

बाराची नववी बाटली सगळ्यांत गढूळ.
कुठल्या कुठल्या डोंगरांतून आलेली माती,
इतकी बारीक की एकेकटी कधी बुडाली नसती,
मीठ लागताच एकमेकींना धरते
रांजणात तुरटी फिरवावी तशी,
जड होते, खाली बसते.
मग ओहोटी उपसते तिला, पुन्हा वर.
बसलेल्याला बसू देत नाही इथे कुणी.
मी अकरा वर्षं आखातात आहे,
ह्यावर जास्त बोलत नाही.

रात्री पोर्टाकॅबिनमध्ये कागद.
कोऱ्याचं वजन आधी लिहिलेलं.
पाणी गाळायचं, भट्टीत वाळवायचं, पुन्हा तोलायचं.
वजाबाकी म्हणजे नदी.
पण वाळवण्याआधी तीनदा धुवायचा शुद्ध पाण्याने,
नाहीतर मीठही मातीतच मोजलं जातं.

चासिब दारात, हातात चहाचा इस्तिकान.
हे धुतलेलं कुठे लिहिता?
कुठेच नाही, म्हटलं. रकाना नाही.

मग तो बसला.
आजोबांची बाग सांगत राहिला :
दिवसातून दोनदा समुद्र नदीला मागे रेटायचा
आणि गोडं पाणी चरांतून आपलं आपण चढायचं
खजुरांच्या बुंध्यांपर्यंत.
रहाट नाही, पंप नाही, माणूस नाही.
झाडांखाली मेंदी.
आत्या भरतीच्या हिशेबाने पाला खुडायच्या.
भरती अजून येते, वेळेवर.
चरही तेच आहेत.
चारशेतली एकतीस झाडं उभी,
त्यांतल्या निम्म्यांना शेंडा नाही.
इस्तिकान विसरून गेला.

नवव्या कागदाचं धुवण ओतायचं राहिलं.
सकाळी बशीत पांढरी कड.
बोट फिरवलं, चाखलं.
वहीच्या समासात, रकान्यांबाहेर, पेन्सिलीने लिहिलं :
चासिब म्हणतो आठ.
खाली तारीख.
आणि का कोण जाणे, डाळ.