हातचा एक

सोहार. पहाटेचे चार.
काचेवर बाहेरून घाम, आतून गारवा.
पलीकडे खजुरांवर धूळ, आणि समुद्र असेल तिथे
नुसता एक पांढुरका दमटपणा.

आत सतरा पेट्या. प्रत्येकीत मूठभर माणूस.
नावं अजून कुणालाच नाहीत.
बेबी ऑफ रय्या. बेबी ऑफ मौझा.
बेबी ऑफ शम्सा, एक.
बेबी ऑफ शम्सा, दोन.

लॅबचा कागद आला तेव्हा मी दुधाची नोंद करत होते.
तीन मिली. पचलं. तीन मिली. उलटी.
कागदावर औषधांची नावं एकाखाली एक
आणि समोर आर, आर, आर,
जणू कुणी प्रत्येक दारावर जाऊन
आतून कडी लावून घेतलेली.
तळाशी एकच औषध उघडं होतं,
मूत्रपिंडाला जपत जपत द्यायचं.
डॉक्टर इंतिसार म्हणाली, आता हातचं राखायला काही नाही.
ती अरबीत म्हणाली.
मला मराठीत ऐकू आलं.

मग आम्ही हात धुवून त्याच्या मागे लागलो.
हसू नका, अगदी शब्दशः.
कोपरापर्यंत उघडे हात,
माझ्या दोन बांगड्या लॉकरमध्ये, रुमालात.
बोटांच्या बेचक्या. नखांची टोकं. अंगठा वेगळा.
मी दाराशी उभी राहून खुणा करायची:
पेटीत हात घालण्याआधी कुणी चोळले, कुणी नाही.
जिन्सी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

मिरजेत आमच्या शेजारी एक सोवळं राहायचं.
आमची सावली पडली की ते पुन्हा न्हायचं.
त्याला संशय कायम दुसऱ्याचा.
इथलं उलटं.
इथे विटाळ माझा.
एका लेकराकडून दुसऱ्याकडे जाताना, दर खेपेला,
स्वतःच्याच तळव्याकडे
अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायचं.

गुरुवारी बेबी ऑफ शम्सा, एक, गेली.
नऊशे चाळीस ग्रॅम.
शम्साच्या हातांवरची मेंदी नखांपुरती उरली होती.
लावू का हात, तिनं विचारलं,
आणि आधी बेसिनकडे गेली.
मुलगी गेल्यावरही
आम्ही शिकवलं होतं तसे, मनगटापर्यंत
तिनं हात धुतले.
मी नळ बंद केला. कोपरानं.

तोवर आम्ही सगळं पुसून तपासलं होतं,
मॉनिटरची बटणं, स्टेथोस्कोप, फोन, पडदे,
आमच्या फिर्यादीला कुठेच साक्षीदार नव्हता.
शनिवारी मोतालिब प्लंबर आला,
बेसिनखाली उताणा झोपला
आणि त्यानं वाकडी नळी उघडली.
आत साय होती. करडी, जाड.
आमच्या उरल्यासुरल्या दुधावर वाढलेली,
सिरिंजमध्ये राहिलेल्या औषधावर वाढलेली.
अर्धा मिली, पाव मिली,
रोज थोडं थोडं पाजलं होतं आम्ही तिला.
मरण्याइतकं नाही,
शिकण्याइतकं.
नळ सोडला की ती थेंबांवर बसून वर यायची,
धुतलेल्या हातांवर.

मीही ओतलंय त्यात.
रात्री तीनला, दोन अलार्म एकदम वाजत असताना.
पिवळी बादली बारा पावलांवर होती.
नंतर मोजली मी ती पावलं.
खुणांच्या माझ्या कागदावर
त्यासाठी रकानाच नव्हता.

बेसिन काढलं. मोतालिबनं भोक बुजवलं,
वर पांढरी फरशी बसवली,
शेजारच्या फरश्यांहून किंचित जास्त पांढरी.
रमजान आला, गेला. नवे आर आले नाहीत.
कागद कोरे येतात, मी ते दोनदा वाचते.

आज शम्सा मुलाला घरी नेतेय.
दोन किलो शंभर.
नाव ठेवलंय: मुहन्नद.
पण फाइलवर, मनगटावरच्या पट्टीवर, अजून
बेबी ऑफ शम्सा, दोन.
पट्टी कापताना कात्री माझ्याकडून जरा थांबली.
बेरजेत आम्ही हातचा वर लिहायचो,
बारीक अक्षरात, उत्तर आलं की खोडायचा.

मी हात चोळले.
आधी, आणि नंतरही.